चालती साइट टेबलातून काढून स्टाइलशीटवर कशाला न्यायची?

फर्मा_निपाणी

नमस्कार मंडळी. निपाणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही मूळची कामं. पुढे गिऱ्हाइकं साइट मागायला लागली तेव्हा आधी फ्रंटपेज आणि मग ड्रीमविव्हर शिकलो. पान कसं बसवायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वर पट्टा, डावीकडे मेनू, मधे मजकूर, उजवीकडे जाहिरात, खाली पत्ता. टेबल काढायचं, बॉर्डर शून्य करायची, लागतील ते खण जोडायचे. पान जागच्या जागी.

भाची बीसीए करते. परवा दुकानात बसून तिनं एका साइटचा कोड उघडला आणि तोंडाला हात लावला. टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल. "मामा, हे सगळं सीएसएसवर, म्हणजे पान कसं दिसावं ते वेगळं लिहून ठेवणाऱ्या स्टाइलशीटवर, न्यायला पाहिजे." का, म्हणून विचारलं तर म्हणे कॉलेजात तसंच शिकवतात. हे काय उत्तर झालं?

दोन साइट्स अजून माझ्याकडे आहेत. एक पतसंस्थेची. दुसरी शेतमाल व्यापाऱ्यांची, तिच्यावर रोजचे भाव आणि सूचना असतात. सूचना मराठी आणि कन्नड, शेजारी शेजारी. दोन्ही व्यवस्थित दिसतात, गिऱ्हाईक खूश आहे.

मला पटेल असं कारण सांगा. "आता असं कुणी करत नाही" हे कारण नको. आणि कारण पटलंच, तर माझ्यासारख्यानं सुरुवात कुठून करायची तेही सांगा.

उद्यमबाग

चालत्या मशीनला पाना लावू नये, हा आमच्या शॉपफ्लोअरचा पहिला नियम. आमच्या कारखान्याची साइट टेबलातलीच आहे. ऑर्डरी येतात फोनवर आणि ओळखीनं. ती साइट शेवटची कुणी उघडली ते देवालाच ठाऊक.

संकेश्वरी

काका, तुमची साइट फोनवर उघडून बघा एकदा.

फर्मा_निपाणी

बघितली. अख्खं पान दिसतं. अक्षर बारीक दिसतं, पण दोन बोटांनी मोठं करता येतं की.

कुंदा_प्रेमी

मोठं करायचं, डावीकडे सरकवायचं, ओळ वाचायची, परत उजवीकडे सरकवायचं. तंबाखूचा भाव कळेपर्यंत भाव उतरतोय.

खानापुरी_जंगल

फर्माकाका, मी मूळचा खानापूरचा, आता बेंगळुरूत फ्रंटएंडचं, म्हणजे साइटचा दिसणारा भाग करायचं, काम करतो. इथे रोमन अक्षरं चालत नाहीत म्हणून कोड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजीत करा.

फोनवर अख्खं पान बारीक होऊन दिसतं त्यामागे फोनची एक चलाखी आहे. पानात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंदीवर मांडायचं ते ब्राउझरला सांगणारी कोडमधली ओळ, नसेल तर ब्राउझर धरून चालतो की ही साइट मोठ्या स्क्रीनसाठी केलेली आहे. मग तो साधारण ९८० पिक्सेल रुंदीचा पडदा मनात धरतो, त्यावर पान मांडतो आणि सगळं आक्रसून हातातल्या काचेवर बसवतो. म्हणजे साइट फोनवर चालते असं नाही, फोन तिला सांभाळून घेतो.

आता तो टॅग घालून बघा. व्ह्यूपोर्ट, विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ. अक्षर लगेच वाचण्याजोगं होईल आणि टेबल पडद्याबाहेर जाईल. तीन खण एका ओळीत आहेत असं तुम्ही कोडमध्येच लिहून ठेवलंय. जागा असो नसो, ते एका ओळीतच राहणार. खाली उतर, असं त्या खणाला सांगायची सोय एचटीएमएलच्या, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तिच्या, टेबलात नाहीच. स्टाइलशीटमध्ये ती एका ओळीत सांगता येते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे, बाकीची कारणं त्यानंतरची.

उद्यमबाग

@खानापुरी_जंगल, काय गा, खण खाली उतरवायला अख्खी साइट परत लिहायची?

खानापुरी_जंगल

होय की. पण अख्खी नाही. भावांचं टेबल टेबलच राहणार.

फर्मा_निपाणी

हे ऐकून बरं वाटलं. भाची म्हणत होती टेबल वापरायचंच नाही म्हणून.

शहापूरची_सून

हा गैरसमज फार पसरलाय. मी कॉलेजात वेब डिझाइन शिकवते. "टेबल वाईट" एवढंच पाठ करून आलेली मुलं वेळापत्रकसुद्धा डिव्ह, म्हणजे नुसते कोरे खोके, रचून करतात. माल, किमान भाव, कमाल भाव, आवक ही माहिती मुळातच रांगा आणि रकाने अशी आहे. तिथे टेबलच हवं, आणि नीट हवं. वर कॅप्शन, रकान्यांच्या डोक्याला टीएच हा मथळ्याचा टॅग, आणि तो मथळा कुठल्या रकान्याचा वा रांगेचा ते सांगणारा स्कोप. हा भाव गुळाचा आहे की ज्वारीचा हे ज्याला दिसत नाही त्यालाही त्यावरून कळतं.

वाईट आहे ते मेनू, मजकूर आणि पत्ता यांना टेबलात कोंबणं. त्यांचं एकमेकांशी रांग-रकान्याचं नातंच नाही. डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४ आलं, त्याच्या तपशिलातच म्हटलं होतं की नुसत्या मांडणीसाठी टेबल वापरू नये. म्हणजे तुमच्या भाचीच्या कॉलेजनं ही गोष्ट काल शोधून काढलेली नाही.

तिसरं_रेल्वेगेट

मॅडम, तपशिलात म्हटलं होतं हे खरं, पण तेव्हा दुसरं होतं काय वापरायला?

त्या काळात टिळकवाडीत माझा सायबर कॅफे होता, आणि साइट्सही करून द्यायचो. नेटस्केप ब्राउझरमध्ये टेबलं आली १९९५ ला. हॉकॉन व्यूम ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत असताना स्टाइलशीटचा प्रस्ताव मांडला ऑक्टोबर १९९४ मध्ये, पुढे बर्ट बॉस त्यांच्याबरोबर आले, आणि सीएसएसची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून आली डिसेंबर १९९६ ला. ती ब्राउझरांमध्ये धड चालायला आणखी कैक वर्षं गेली. आम्हाला पान आजच्या आज द्यायचं असायचं. हातात टेबल होतं, टेबल वापरलं.

आणि त्या वेळचं सीएसएस तरी मांडणीसाठी कुठे होतं? आम्हाला दिलं काय, तर फ्लोट. चित्राच्या बाजूनं मजकूर वाहावा म्हणून केलेली ती सोय. तिच्यावर तीन कॉलमची पानं उभी करायची. डावा कॉलम लांब झाला की उजवा आखूड दिसणार, म्हणून मागे पट्ट्यांचं चित्र लावून दोन्ही सारखे असल्याचा आभास करायचा. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये फ्लोटला मार्जिन दिलं की ते दुप्पट व्हायचं. उपाय काय? त्याला डिस्प्ले इनलाइन लिहा. का? ते विचारायचं नाही. टेबलवाले मूर्ख होते असं आज कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ज्यानं त्या दिवसांत रात्री बारा वाजता फ्लोट क्लिअर केलाय त्यालाच ते कळेल.

कुंदा_प्रेमी

तिसरं गेट नेहमीप्रमाणे बंद झालं. आता गाडी जाईपर्यंत थांबा.

तिसरं_रेल्वेगेट

हसा. आता तिथं उड्डाणपूल आहे.

एक कबूल करतो. टेबलाचा त्रास होता, आणि तो कॅफेतच कळायचा. टेबलातले खण किती रुंद करायचे हे ब्राउझर आतला मजकूर बघून ठरवतो. सगळा मजकूर येईपर्यंत त्याला ते ठरवता यायचं नाही. डायलअपवर आख्खं पान एका बाहेरच्या टेबलात असलं की पोरं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायची, आणि मग एकदम सगळं पान धाडकन यायचं. मिनिटाचे पैसे लागत होते, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

संकेश्वरी

त्या पारदर्शक जिफबद्दल आमच्या सरांनी सांगितलं होतं. एक पिक्सेलचं न दिसणारं चित्र लावायचं आणि ताणून जागा करायची. खरंच असं करायचात तुम्ही?

तिसरं_रेल्वेगेट

करायचो की. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं.

फर्मा_निपाणी

माझ्या पतसंस्थेच्या साइटवर असे रुमाल भरपूर आहेत. एका फोल्डरात स्पेसर नावाची फाइल आहे, ती पुसायची मला अजून भीती वाटते.

@शहापूरची_सून, मॅडम, भावांचं कळलं. माझा अडलेला प्रश्न सूचनांचा. डाव्या खणात मराठी परिच्छेद, उजव्या खणात त्याचाच कन्नड. पहिल्यासमोर पहिला, दुसऱ्यासमोर दुसरा. हे टेबल की मांडणी?

चिक्कोडी_एक्सप्रेस

हे टेबलच आहे! मी दोन्ही भाषांतून लिहितो, अशा सूचनांची कामं माझ्याकडेही येतात. ओळीला ओळ जुळलेली असते. एक रांग म्हणजे एक सूचना, एक रकाना म्हणजे एक भाषा. याहून टेबल ते काय असतं? फर्माकाका, याला हात लावू नका.

शहापूरची_सून

मला नाही पटत. भावांचं टेबल तुम्ही आडवंही वाचता आणि उभंही. गुळाचे सगळे भाव बघता, किंवा सगळ्या मालांचे कमाल भाव बघता. सूचना मात्र कुणीही आडवी वाचत नाही. मराठी वाचणारा मराठी रकाना खालपर्यंत वाचतो, कन्नड वाचणारा कन्नड. समोरासमोर ठेवणं ही कागदावरची सोय आहे.

चिक्कोडी_एक्सप्रेस

मॅडम, मी आडवीच वाचतो. माझं काम तेच आहे, दोन्हीकडची तारीख आणि रक्कम एक आहे का ते ताडून बघायचं. आमच्याकडची निम्मी माणसं दोन्ही भाषा वाचतात, मराठी कळलं नाही तर शेजारचं कन्नड बघतात.

सीमाभाग_आमचा

कन्नड मजकूर डावीकडे आणि मोठ्या अक्षरात टाकायला लावतील उद्या, तेव्हा काय कराल? आधी त्या पाट्यांचं बघा, आणि गावाचं नाव काय लिहिताय ते बघा.

प्रशासक

पाट्या, त्यांवरचं साठ टक्के कन्नड आणि शहराचं नाव यावर वेगळा धागा आहे, तिथे जागाही आहे. इथे फक्त साइटची मांडणी. या विषयावरचे पुढचे प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

कानसेन

या वादात मलाही बोलू द्या. मला दिसत नाही. बेळगावातच नोकरी करतो आणि संगणक एनव्हीडीए या स्क्रीनरीडरवर चालवतो. तो मला पान वाचून दाखवतो, आणि वाचतो तो कोडमध्ये ज्या क्रमानं लिहिलंय त्या क्रमानं.

टेबलात खण रांगेनं लिहिलेले असतात. त्यामुळे फर्माकाकांची सूचनांची साइट मला अशी ऐकू येईल: एक परिच्छेद मराठी, एक कन्नड, परत मराठी, परत कन्नड. मला दोन्ही कळतात, पण आवाज बदलतोय, वेग बदलतोय, आणि मी वाक्य कुठे सोडलं होतं ते शोधतोय. त्यातही पानात भाषा कुठली हे लिहिलेलं नसेल तर कन्नड मजकूर कुठल्या आवाजात वाचायचा ते त्याला कळत नाही.

टेबलांचं म्हणाल तर एनव्हीडीए मांडणीचं टेबल आणि खरं टेबल यांत फरक करायचा प्रयत्न करतो. मांडणीचं वाटलं तर गप्प बसतो. पण तो अंदाज आहे. चुकला की मेनूवर जाताना "टेबल, अमुक रांगा, तमुक रकाने" ऐकावं लागतं, आणि आत आणखी एक टेबल असेल तर परत तेच. पतसंस्थेच्या साइटवर ठेवींचे व्याजदर शोधणारा माणूस तेवढ्यात साइट बंद करून शाखेत फोन लावतो. मी तरी तेच करतो.

लगेच साइट बदलणं जमत नसेल तर आज एवढं करा. मांडणीच्या प्रत्येक टेबलाला रोल बरोबर प्रेझेंटेशन हा शब्द लावा. भावांच्या आणि व्याजदराच्या टेबलाला लावू नका. मग त्याला अंदाज करावा लागत नाही.

फर्मा_निपाणी

कानसेन, हे कारण मला पटलं. पतसंस्थेच्या साइटवर आजच लावतो. या बाजूनं मला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

उद्यमबाग

आमच्या साइटवरही लावायला सांगतो. कुणी बघत नसेल, पण ऐकत असेल.

चिक्कोडी_एक्सप्रेस

कानसेन, तुमच्यासाठी आधी सगळं मराठी, मग सगळं कन्नड, असं बरं पडेल का? मग माझं ताडून बघणं गेलं.

कानसेन

सूचना लहान असेल तर एका सूचनेचं मराठी आणि लगेच त्याच सूचनेचं कन्नड चालतं. तोडायचं तर सूचना संपल्यावर तोडा, परिच्छेदाच्या मधे नको. आणि प्रत्येक भागाला लँग, म्हणजे भाषा सांगणारी खूण, लावा, मराठीला एमआर, कन्नडला केएन.

खानापुरी_जंगल

दोघांचंही होतं. एक सूचना म्हणजे एक आर्टिकल टॅग, त्याला मथळा. आत दोन डिव्ह, पहिला लँग एमआर, दुसरा केएन. मग स्टाइलशीटमध्ये ग्रिड, म्हणजे खण रांगा-रकान्यांत मांडायची सोय:

डिस्प्ले: ग्रिड; ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिट, मिनमॅक्स(१६रेम, १एफआर)); गॅप: १.५रेम;

एवढंच. याचा अर्थ: प्रत्येक भाग निदान सोळा रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या सोळा पट) रुंद असू दे, जागा उरली तर सारखी वाटून घे, जागाच नसेल तर खाली उतर. मोठ्या स्क्रीनवर चिक्कोडीला समोरासमोर मिळतं आणि फोनवर मराठीखाली कन्नड येतं. कानसेनांना सूचना पूर्ण ऐकू येते.

ग्रिड मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्हींत एकाच महिन्यात आलं. म्हणून तिसऱ्या गेटचं म्हणणं मी मान्य करतो. कॉलम मांडायचं खरं अवजार सीएसएसला वीस वर्षं नव्हतंच. ज्यांनी मधल्या काळात हट्टानं टेबल सोडलं त्यांनी फ्लोटची शिक्षा भोगली. काकांनी ती भोगलीच नाही, थेट ग्रिडवर येतायत. नशीबवान आहात.

कुंदा_प्रेमी

देवनागरीत कोड वाचून माझे डोळे आले. १एफआर म्हणजे पोलीस तक्रार का?

संकेश्वरी

फ्रॅक्शन. उरलेल्या जागेचा एक वाटा.

पुण्यात_अडकलेला

सगळे टेबलाला पुरायला निघालेत म्हणून सांगतो, माझं घर टेबलावरच चालतं. मी कंपन्यांच्या ईमेल जाहिराती तयार करतो. विंडोजवरच्या क्लासिक आउटलुक या ईमेल सॉफ्टवेअरनं २००७ पासून ईमेल दाखवायला वर्डचं इंजिन घेतलं, आणि वर्डला ग्रिड, फ्लेक्स अशी नवी मांडणी काही कळत नाही. त्यामुळे आम्ही अजून टेबलात टेबल लावतो, स्टाइल प्रत्येक खणात लिहितो, आणि रोल प्रेझेंटेशनही लावतो. काका, साइटचं काम गेलं तर इकडे या, तुमच्यासारखा अनुभव आता कुणाकडे नाही.

फर्मा_निपाणी

पुण्याला येतो. जेवायची सोय बघा, बाकीचं मी बघतो.

खानापुरी, तो कोड भाचीनं टाकून दाखवला. खिडकी लहान केली की खण खाली उतरतात, मोठी केली की शेजारी येतात. तासभर तेच करत बसलो. पण माझी खरी अडचण पुढे आहे. मी गिऱ्हाइकाला पान दाखवून सही घेतो. आता सांगा, कुठलं पान दाखवू? प्रत्येक रुंदीला वेगळं दिसतंय. आमच्या धंद्यात कॉलम किती सेंटिमीटरचा हे आधी ठरतं, बाकी सगळं त्यानंतर.

शहापूरची_सून

डीटीपीतून आलेल्या प्रत्येकाला अडचण येते ती इथेच. सीएसएसची भाषा तुम्हाला जड जाणार नाही, कारण निम्मी तुम्हाला येते. पेजमेकरमध्ये तुम्ही स्टाइल करत होताच ना? मथळा, उपमथळा, मजकूर अशी नावं द्यायची, मजकुराची स्टाइल एकदा बदलली की अहवालातली शंभर पानं बदलतात. स्टाइलशीट म्हणजे तेच. पण वेबवर येताच तुम्ही ते सोडलंत आणि प्रत्येक खणात फॉन्टचा टॅग लावत बसलात. खरं ना?

फर्मा_निपाणी

खरं. पेजमेकरमध्ये हातानं साइज बदलणाऱ्या पोराला मी बोलत होतो.

शहापूरची_सून

मग अवघड राहतं ते कागद सोडणं. पानाची रुंदी तुम्ही ठरवायची नाही, वाचणाऱ्याच्या हातात जे आहे ते ठरवणार. तुम्ही ठरवायच्या त्या मर्यादा. ओळ याहून लांब नको, कॉलम याहून अरुंद नको, मथळा मजकुराच्या इतक्या पट. सही घ्यायची तर तीन रुंद्यांना दाखवा: फोन, टॅबलेट, मोठा स्क्रीन. गिऱ्हाइकाला फोनवरचं आधी दाखवा, कारण तोही साइट फोनवरच बघणार आहे. संचालक मंडळाला प्रोजेक्टरवर दाखवायचं आणि सभासदांनी फोनवर बघायचं, यात नेहमी घोळ होतो.

क्रमही सांगते. पहिल्यांदा स्टाइलशीट पूर्ण बंद करून पान वाचा. फायरफॉक्सच्या व्ह्यू मेनूत पेज स्टाइल, नो स्टाइल. नुसत्या मजकुराला मथळे, याद्या, परिच्छेद आहेत का, वरून खाली वाचताना अर्थ लागतो का ते बघा. तो लागला की रंग आणि अक्षरं. सगळ्यात शेवटी कॉलम. मुलं उलट करतात, आधी कॉलम मांडतात आणि मग आत काय टाकायचं ते शोधतात.

खानापुरी_जंगल

मॅडमच्या यादीत एक भर. फाइलच्या सुरुवातीलाच बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स लिहा. नाहीतर ३०० रुंदीच्या खणाला २० चं पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, दिलं की तो दोन्ही बाजूंनी वाढून ३४० होतो. इंटरनेट एक्सप्लोरर ५ पॅडिंग रुंदीच्या आतच मोजायचा, त्याला तेव्हा सगळ्यांनी चूक म्हणून झोडपलं. आता आम्ही सगळेच तसं मोजतो.

आणि काका, ग्रिडमध्ये ऑर्डर लिहून खणांची जागा हवी तशी बदलता येते, तो मोह टाळा. डोळ्याला क्रम बदललेला दिसतो, कोडमधला तोच राहतो. कानसेनांना जुनाच क्रम ऐकू येईल आणि टॅबची कळ भलतीकडे उड्या मारेल.

चिक्कोडी_एक्सप्रेस

ग्रिड मीही लावून बघितलं. समोरासमोर नीट येतंय, तेव्हा टेबलाचा हट्ट सोडला. पण एक गोष्ट कुणी सांगितली नाही. कन्नडमध्ये ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली पुढची व्यंजनं, अक्षराच्या खाली लटकतात. मराठीत वर रफार, वेलांट्या आणि खाली उकार. इंग्रजीच्या हिशोबानं लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.२ ठेवली की वरच्या ओळीचं ओत्तक्षर खालच्या ओळीत घुसतं. मी कन्नडला १.७ ठेवतो, मराठीला १.६. लँग लावलेलं असलं की दोन्हीला वेगळी देता येते, टेबलात मी खणाखणाला देत बसलो असतो.

आणि खणाला ठरावीक उंची कधी देऊ नका. तोच मजकूर कन्नडमध्ये लांब होतो कधी, आणि शेवटची ओळ कापली जाते.

संकेश्वरी

लेटर-स्पेसिंगपण देऊ नका. मी एका मथळ्याला दिलं होतं, शिरोरेघेचे तुकडे पडले.

तिसरं_रेल्वेगेट

लँग एमआर लावायचा आणखी एक फायदा. काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणं आणि हिंदी वळणं दोन्ही असतात. भाषा मराठी सांगितली की आपल्या वळणाचा ल येतो. नाही सांगितली तर हिंदीचा. बरीच माणसं फॉन्टला नावं ठेवतात, पण त्याला भाषा सांगायची राहिलेली असते.

फर्मा_निपाणी

लगेच लावून बघितलं. श बदलला! आमच्या पत्रिकेतला श आला. इतकी वर्षं तो हिंदी श बघून माझं डोकं उठत होतं.

कुंदा_प्रेमी

कानसेनांनी पटवलं, पण काकांना खरं जिंकलं ते श नं.

खानापुरी_जंगल

काका, एक विचारायचं राहिलं. मजकूर युनिकोडात आहे ना?

फर्मा_निपाणी

भाव आणि सूचना युनिकोडात. पतसंस्थेची जुनी पानं नाहीत. ती जुन्या डीटीपी फॉन्टात आहेत, फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

खानापुरी_जंगल

मग रोल लावलात ते राहू दे, पण मांडणी नंतर, हे आधी. तो मजकूर शोधल्यावर सापडत नाही, फोनवर दिसत नाही, कानसेनांचा एनव्हीडीए तो खिचडी म्हणूनच वाचणार. कन्व्हर्टरमधून काढा, आणि आकडे, जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा. व्याजदराची पानं भाचीवर सोडू नका, प्रूफ तुम्हीच वाचा.

कानसेन

प्रूफ वाचून झालं की लिंक मला पाठवा, ऐकून सांगतो. कानाला बऱ्याच चुका कळतात, उकार गेलेला तर हमखास.

फर्मा_निपाणी

पाठवतो. शेवटचं एक विचारतो, मग तुमची सुटका. व्यापारी मंडळी रोजचा भावाचा कागद छापून बोर्डाला लावतात. आत्तापर्यंत त्यासाठी मी वेगळं पान करत होतो. एकाच पानाचा कागदही निघेल का?

शहापूरची_सून

निघेल, आणि हे तुमच्या घरचंच काम. मीडिया प्रिंट असा वेगळा भाग लिहा. त्यात मेनू, जाहिरात, तळाचा पट्टा यांना डिस्प्ले नन. पेज या नियमात साइज ए४ आणि मार्जिन सेंटिमीटरमध्ये. होय, सेंटिमीटर! अक्षराचा आकार पॉइंटमध्ये द्या. टेबल लांब होऊन दुसऱ्या कागदावर गेलं तर टीहेड या टेबलाच्या डोक्याच्या टॅगमधली रकान्यांची नावं ब्राउझर तिथेही छापतो, पण त्यासाठी ती खरोखर टीहेडमध्ये हवीत. नुसत्या ठळक अक्षरातली पहिली रांग चालणार नाही.

फर्मा_निपाणी

माझी ठळक अक्षरातली पहिली रांगच आहे. बसतो आज रात्री.

उद्यमबाग

रकान्यांच्या मागे रंग दिला असशील तर तो कागदावर येत नाही बघा. ब्राउझर मुळात पार्श्वभूमीचे रंग छापत नाही, प्रिंटच्या खिडकीत बॅकग्राउंड ग्राफिक्सवर खूण करावी लागते. आमच्या स्टोअरच्या याद्या अशाच पांढऱ्या येत होत्या. रंगाऐवजी खाली बारीक रेघ द्या, शाईपण वाचते.